दोन यंत्रें, एक स्पायडर-मॅन

गेल्या दिवाळींत खामगांवीं एका स्नेह्यांच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. भाऊबिजेसाठीं त्यांची बहीण पुण्याहून आली होती व तिच्याबरोबर तिचा चौदा वर्षांचा मुलगा आपलें प्लेस्टेशन ५ मोठ्या काळजीनें पिशवींत घालून घेऊन आला होता. यजमानांचा मुलगाही त्याच वयाचा. त्याच्याजवळ प्लेस्टेशन ४ आहे. तेंही एका परिचितांकडून जुनें घेतलेलें. दोघांजवळ खेळ मात्र एकच : ‘स्पायडर-मॅन : माइल्स मोरालेस’. नवें यंत्र टेबलावर येतांच जुनें यंत्र मुकाट्यानें कपाटांत गेलें. रात्रीं पंगतींत मुलानें हळूच विचारलें, “बाबा, आपणही नवें घ्यायचें का?” यजमानांनीं तो प्रश्न आमच्या पानांत वाढला. “तुम्ही मासिकांत सर्व विषयांवर लिहितां, याचाही निवाडा करा!”

या विषयांत आम्ही निव्वळ अडाणी. तथापि पंच म्हणून बसल्यावर दोन्ही पक्ष ऐकणें प्राप्त होतें. दुसऱ्या दिवशीं जुनें यंत्र कपाटांतून काढावयास लावून, एकाच पडद्यावर एकच प्रसंग आम्हीं दोघांकडून आळीपाळीनें खेळवून घेतला.

ज्या वाचकभगिनींना व बंधूंना हा खेळ ठाऊक नाहीं, त्यांच्यासाठीं कथाभाग थोडक्यांत सांगतों. माइल्स हा न्यूयॉर्कचा एक कोंवळा मुलगा. पोलीस खात्यांतील त्याचे वडील स्फोटांत गेलेले आहेत. आई रिओ हिनें मुलाला घेऊन हार्लेम वस्तींत संसार मांडला आहे व ती तेथून निवडणुकीस उभी आहे. मुलाच्या अंगीं कोळ्यासारखें भिंतींवर चढण्याचें सामर्थ्य आलें आहे आणि तें कोणासाठीं वापरावें, हा त्याच्यापुढील प्रश्न आहे. हें ऐकून यजमानांच्या मातोश्री जपाची माळ बाजूस ठेवून पुढें सरकल्या. सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यांत आहे व त्यामुळें जो मातृतीर्थ म्हणविला जातो, तेथील आजींना विधवा आई व तिचा धाडसी मुलगा यांची गोष्ट समजावयास कितीसा वेळ लागणार?

आतां तुलना. हा खेळ १२ नोव्हेंबर २०२० रोजीं दोन्ही यंत्रांसाठीं एकदमच निघाला. जुन्या यंत्रावर पडद्यावर सेकंदास ३० चित्रें उमटतात. नव्यावर खेळणाऱ्याच्या इच्छेप्रमाणें ६० उमटूं शकतात, अथवा ३० वरच समाधान मानून कांचेंतील व पाण्यांतील प्रतिबिंबें अधिक खरीं करून घेतां येतात. आमच्या वृद्ध डोळ्यांनाही पहिला भेद लगेच जाणवला. झोका घेतांना नव्यावरील शहर अधिक सलग वाहतें. दुसरा भेद दाखवावा लागला. ज्यांच्या घरीं ‘४ के’ पडदा नाहीं, त्यांना चित्राच्या जादा बारकाव्याचा लाभ थोडाच होणार. परंतु सेकंदास ६० चित्रांचा लाभ साध्या पडद्यावरही होतो. याशिवाय नव्या कंट्रोलरचा खटका प्रसंगानुरूप बोटाला विरोध करतो, ही मौजही निराळी.

मुख्य भेद आहे तो खोळंब्याचा. जुन्या यंत्रांत हार्ड डिस्क असते. तींतील तबकडी सतत फिरते व एक सूक्ष्म टोंक ग्रामोफोनच्या सुईची आठवण व्हावी तसें इकडून तिकडे सरकत हवी ती माहिती हुडकतें. संपूर्ण शहर यंत्राच्या स्मृतींत एका वेळीं मावत नाहीं. नायक पुढें जाईल तसतशी पुढची गल्ली वाचून मांडावी लागते. नव्या यंत्राचे रचनाकार मार्क सर्नी यांनीं मार्च २०२० मधील व्याख्यानांत सांगितलें कीं, २०१८ सालच्या स्पायडर-मॅन खेळांत ही हुडकाहुडक टाळण्यासाठीं टपालपेटीसारख्या कांहीं वस्तूंची माहिती तबकडीवर ४०० वेळां लिहून ठेविलेली होती. मिठाची बरणी शोधावयास वेळ जातो म्हणून घराच्या प्रत्येक कोनाड्यांत एकेक बरणी ठेवावी, त्यांतलाच हा प्रकार! नव्या यंत्राच्या साठवणींत फिरणारें असें कांहींच नाहीं. २०१९ सालीं सर्नी यांनीं त्याच जुन्या खेळांतील एका प्रवासाचा खोळंबा मोजून दाखविला : प्लेस्टेशन ४ प्रोवर १५ सेकंद, आणि नव्या यंत्राच्या नमुन्यावर ०.८ सेकंद.

तेव्हां यंत्र म्हणून नवें श्रेष्ठ, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. खोळंबणें हा कांहीं सद्गुण नव्हे, आणि जुन्याच्या प्रेमापोटीं आम्ही तसें म्हणणार नाहीं. परंतु निवाडा देण्यापूर्वीं आजींनीं एक प्रश्न विचारला : “यंत्र बदललें म्हणजे गोष्टही बदलते का रे?” दोघेही मुलगे एकदम म्हणाले, “नाहीं, आजी.” हार्लेम तेंच, बर्फ तेंच, आई तीच, माइल्सला ज्या ठिकाणीं रडूं येतें तें ठिकाणही तेंच.

भारतांत नवें यंत्र २ फेब्रुवारी २०२१ रोजीं आलें, तेव्हां तबकडीची सोय असलेल्या प्रकारास ४९,९९० रुपये पडत होते. मध्यम स्थितीच्या गृहस्थास हा आंकडा विचार करावयास लावणारा आहे. म्हणून आमचा सल्ला असा : जुनें यंत्र चालतें आहे तोंवर केवळ या एका खेळासाठीं नवें घेऊं नये. पुढें घ्यावयाचेंच झाल्यास तबकडीची सोय असलेलें घ्यावें. या खेळाची जुनी तबकडी त्यांत चालते, तिच्यावर नवी आवृत्ति जादा मूल्य न देतां मिळते व अर्ध्यावर आलेला डावही पुढें नेतां येतो. तबकडीची सोय नसलेलें यंत्र स्वस्त म्हणून आणल्यास घरांतल्या तबकड्या त्यांत तशाच चालणार नाहींत, हें आधींच ध्यानीं घ्यावें.

निवाडा ऐकून यजमान खूष झाले. मुलगा मात्र खालीं पाहत होता. रात्रीं अंगणांत आम्हीं त्याला जवळ घेऊन विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “काका, मला यंत्र इतकें नको होतें. माझ्याकडचें जुनें आहे म्हणून तो हंसेल, असें वाटलें.” एवढ्याशा मुलाला आपली वस्तु कपाटांत दडवावीशी वाटली, याचें आम्हांस यंत्रांच्या सर्व भेदांहून अधिक वाईट वाटलें, आणि दुपारीं पंचाच्या ऐटींत आंकडे मांडतांना तें आमच्या लक्षांत आलें नव्हतें, याची लाजही वाटली.

निघण्याच्या आदल्या सायंकाळीं पुण्याचा मुलगा एका कठीण प्रसंगीं तीनदां हरला. शेवटीं त्यानें कंट्रोलर मामेभावाच्या हातीं दिला. जुन्या यंत्रावर तोच भाग अनेकदां खेळून झाल्यामुळें शत्रु कोठून येणार, हें खामगांवच्या मुलास तोंडपाठ होतें. त्यानें तो प्रसंग पहिल्याच डावांत जिंकला. “हें तूं मला शिकव ना!” पाहुणा म्हणाला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं निरोप घेतला, तेव्हां जुनें प्लेस्टेशन नव्याच्या शेजारीं टेबलावर होतें.