प्रमाणपत्र शासनाला, पूर नागरिकाला

२५ जानेवारी २००५. मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. ८ ऑगस्ट २०१९. ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांनी खच्चून भरलेली नाव उलटली आणि १७ जणांना जलसमाधी मिळाली. सातारा आणि सांगली या शेजारी जिल्ह्यांच्या कपाळी लिहिलेल्या या दोन तारखा. त्यांच्यामधल्या काळात, २००५ सालीच, आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे व बचावसाहित्य सज्ज ठेवणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले.

सांगलीत आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ साली कृष्णा ५७ फुटांवर गेली. अशा शहरात अनुदानाचा पहिला रुपया कशावर खर्च व्हावा, हे सांगण्यास तज्ज्ञ समिती नको. परंतु कोनशिला बसते ती कमानीला. नावेला आणि जीवरक्षक जाकिटाला ती बसत नाही. ३१ मार्चला शासनाला उपयोगिता प्रमाणपत्र पोचते. जूनमध्ये नागरिकाला काय मिळते?

नावा किती, पट्टीचे पोहणारे किती, शेवटचा सराव कधी झाला, याचा जाहीर हिशेब दोन्ही शहरांतील सजग नागरिकांनी पावसाळ्यापूर्वी मागावा. निधी खर्ची पडला म्हणजे माणूस सुरक्षित झाला, असे कृष्णामाई मानीत नाही.