अर्ज कोरा का झाला?

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मी वडिलांचा मोबाईल घेऊन बसलो. २ जीबी मेमरीचा जुना फोन. अर्ज कानडीत, मी प्रश्न मराठीत सांगायचा, आईने उत्तर द्यायचे. पाऊण तासात ३२ रकाने भरले. मग उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो काढण्यासाठी कॅमेरा उघडला, आणि परत येऊन पाहतो तो अर्ज कोरा! आई म्हणाली, "आपलाच फोन हलका रे बाबा." ते वाक्य मनाला लागले. कारण दोष फोनचा नव्हता.

कॅमेऱ्याला पुष्कळ मेमरी लागते. ती अपुरी पडली की अँड्रॉइड मागे गेलेली अ‍ॅप्स बंद करते. समोर दिसणाऱ्या अ‍ॅपची पाळी सर्वांत शेवटी. यात गैर काही नाही. तसे न केले तर सारा फोनच अडून बसेल. परंतु अ‍ॅप पडद्याआड जाताना थोडेसे टिपण ठेवून देण्याची संधी यंत्रणा त्याला देते, आणि आपण परतताच ते टिपण त्याच्या हाती देते. मजकूर मोठा असेल तर तो फोनच्या साठ्यात लिहून ठेवता येतो. प्रत्यक्ष बंद करताना मात्र पुन्हा विचारले जाईल याचा भरवसा नाही. म्हणून जपायचे ते आधीच जपले पाहिजे.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे नवीन नाही. व्यवहार झाला की रोजकीर्दीत नोंद! 'रात्री आठवून लिहू' म्हणणाऱ्या दुकानदाराचा हिशेब कधी जुळतो काय?

कोणी म्हणेल, नवा फोन घ्या. पण १ जीबी किंवा त्याहून कमी मेमरीच्या फोनांसाठी गूगलने २०१७ साली अँड्रॉइडची 'गो' आवृत्ती जाहीर केली होती. म्हणजे असे फोन वापरणारी माणसे आहेत, हे जाणकारांना ठाऊक आहे. शिवाय मागे गेलेला पडदा तात्काळ मोडून टाकणारी सोय अँड्रॉइडच्या डेव्हलपर सेटिंगमध्येच आहे. ती चालू करून अर्ज एकदा भरून पाहिला असता तर ही चूक उघडी पडली असती. ज्यांना शिष्यवृत्तीची गरज, त्यांच्याच घरी असे फोन असायचे. मग तपासणी महागड्या फोनवर करून कसे चालेल?

दुसऱ्या दिवशी मी आधी फोटो काढले आणि मग अर्ज भरला. शहाणपण मला आले. ते अ‍ॅप करणाऱ्याला यायला हवे होते. आपल्यापैकी जे मित्र उद्या या धंद्यात पडतील, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.