काशीतील एक प्रहसन

प्रहसन म्हणजे घटकाभर करमणुकीचे हलकेफुलके नाटक, असा समज आपल्याकडे अजूनही आहे. तो किती अपुरा आहे, हे काशीच्या भारतेंदू हरिश्चंद्रांची प्रहसने वाचली की ध्यानात येते. १८५० साली जन्मलेले भारतेंदू अवघी ३४ वर्षे जगले. १८७३ साली ‘वैदिकी हिंसा हिंसा न भवति’ या प्रहसनातून त्यांनी धर्माच्या आडून मद्यमांसाचे चोचले पुरवणाऱ्यांची टर उडवली.

१८८१ मधील ‘अंधेर नगरी’त भिंत पडून बकरी मरते. दोष घरमालकावरून गवंड्यावर, गवंड्यावरून चुनेवाल्यावर असा सरकत सरकत थेट कोतवालापर्यंत येतो. परंतु कोतवालाची मान बारीक आणि फास मोठा. म्हणून एका निरपराध, लठ्ठ शिष्यालाच धरून आणतात! भाजी आणि मिठाई जिथे एकाच भावाने विकली जाते, तिथला न्यायही तसाच. त्या काळी नाटकांवर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला देणारा १८७६ चा कायदा लागू होता. राज्यकारभारावर उघड टीका करणे धोक्याचे होते. प्रहसनाने त्यातून वाट काढली. गंभीर नाटकाला ती इतक्या सहज सापडली नसती. शेवटी स्वर्गाच्या लोभाने राजा स्वतःच फासावर चढतो आणि प्रेक्षागृहात हशा पिकतो.