शेवटचे कडवे ऐकल्याशिवाय उठू नका



वर्षावासात दर रविवारी संध्याकाळी आमच्या आरे कॉलनीतल्या विहारात ग्रंथवाचन असते. वाचन झाले की चहा होतो आणि मंडळी आपापल्या घरी जातात. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मात्र पाऊस असा लागला की पत्र्यावरच्या आवाजात एकमेकांचे बोलणेही ऐकू येईना. कुणालाच निघता येईना. तेव्हा डेअरीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी बरोबर आणलेली प्लास्टिकची पिशवी सतरंजीवर उपडी केली. आत दहा-बारा कॅसेटी होत्या. घराची रंगरंगोटी काढली म्हणून सुनेने त्या भंगारात टाकायला काढल्या होत्या आणि काकांनी त्या तिथून उचलून आणल्या होत्या.

विहाराच्या कपाटात जुना टू-इन-वन होता. कुणीतरी तो पुसून लावला आणि तास-दीड तास आम्ही सगळ्यांनी १९८० च्या दशकातली भीमगीते ऐकली. ऐकताना मंडळी जे बोलली ते आज वाचकांपुढे ठेवतो.

नव्या पिढीसाठी आधी थोडे सांगायला हवे. त्याअगोदर गाणे घरी ऐकायचे तर तबकडी आणि रेकॉर्ड प्लेअर लागे. ते आपल्यापैकी किती घरांत होते? गाणे ऐकायचे ते जयंतीला, गायन पार्टीच्या कार्यक्रमात, कव्वालीच्या सामन्यात, रात्रभर बसून. फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ साली काढली, पण आपल्याकडे ती घरोघर पोहोचली सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात. टी-सिरीजसारख्या नव्या कंपन्या निघाल्या, कॅसेट स्वस्त झाली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते आणि मागून आनंद-मिलिंद शिंदे यांचे आवाज पत्र्याच्या खोल्यांत शिरले. सहा डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटींची दुकाने लागू लागली. १९९१ साली बाबासाहेबांची जन्मशताब्दी झाली, तोवर आमच्या कॉलनीत टेपरेकॉर्डर नाही असे घर शोधावे लागे. या गाण्यांच्या बाबतीत विद्वानांच्या समीक्षेची वाट कुणी पाहिली नाही. निकाल दिला तो ऐकणाऱ्यांनी.

पहिली कॅसेट लागली तशी काकांनी डोळे मिटले. "बोनसच्या पैशातून टेप घेतला होता," ते म्हणाले. "रात्रपाळी करून सकाळी घरी यायचो, तर शेजारच्या दोन खोल्यांतली पोरं दारात बसलेली. म्हणायची, काका, लावा ना. झोप बाजूला ठेवून लावायचो." तबेल्यातले उत्तर प्रदेशचे भय्येही ठेका कव्वालीचा म्हणून दुधाचे कॅन खाली ठेवून उभे राहात, हे त्यांनी सांगितले आणि ते आम्हालाही आठवले.

भिंतीला टेकून बसलेल्या आजी मग बोलल्या. आजींना अक्षर येत नाही. "मला कुणी पुस्तक वाचून दाखवलं न्हाई. म्हाडचं तळं मी गाण्यात पाह्यलं. नागपूरला किती मानूस लोटला, त्येबी गाण्यातच कळलं. नातवाला मीच सांगितलं, त्यानं पुस्तकात मागाहून वाचलं." महाडचा सत्याग्रह १९२७ चा आणि धम्मदीक्षा १९५६ ची. ही सनावळी आजींना पाठ नाही, पण घटनांचा क्रम त्या एकदाही चुकल्या नाहीत.

पुढची कॅसेट प्रल्हाद शिंदे यांची निघाली आणि जुना वाद उकरला गेला. एक मावशी म्हणाल्या, "आवाज सोन्यासारखा, पण याच माणसानं पंढरीची गाणी गायली. आमच्या सासऱ्यांनी त्यापायी त्यांची कॅसेट घरात लावायला बंदी केली होती. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यानं विठ्ठल गायचा?" काका लगेच म्हणाले, "कलावंताला चूल पेटवायची असते. भीमगीतावर त्या काळी किती मिळायचं?" दोन्ही बाजूंनी माणसे बोलली. आम्हाला विचाराल तर मावशींच्या सासऱ्यांचा राग खोटा नव्हता. आपल्या घरातला आवाज बाजाराने कशाकशासाठी वापरला, हे त्यांना सोसत नव्हते. पण तोच आवाज बाबासाहेबांचे नाव घेऊन खेडोपाडी गेला, हेही तितकेच खरे. वारकऱ्याच्या आणि बौद्धाच्या घरात एकच गळा ऐकला जात होता. हा वाद त्या रविवारी मिटला नाही. आम्हीही तो मिटवत नाही.

आता तरुण मंडळी. बी.ए.ला असलेली एक मुलगी सगळे शांतपणे ऐकत होती. तिला विचारले तेव्हा ती भीत भीत म्हणाली, "काका, राग मानू नका. सगळ्या गाण्यांचा ठेका सारखाच वाटतो. आणि बाई आली की ती माता रमाईच. शिकणारी, कामावर जाणारी, मोर्चात चालणारी बाई या पिशवीत मला सापडली नाही." दोघा-तिघांना ते रुचले नाही. पण आजीच म्हणाल्या, "खरं बोलते पोरगी. मोर्चात तर आमीच फुडं असायचो." त्या दिवशीच्या कॅसेटींपुरते मुलीचे म्हणणे आम्हाला पटले.

जयंतीला डीजेचे काम घेणारा एक मुलगा म्हणाला, "ही गाणी मी वाजवतो. पण ध्रुपद आणि एक कडवं, बस. सात मिनिटं कोण नाचणार? पब्लिक पळून जाईल."

तेवढ्यात त्या मुलीने साधाच प्रश्न विचारला, "हे आता लागलंय ते गाणं लिहिलंय कुणी?"

गायकाचे नाव सगळ्यांनी एका तोंडाने सांगितले. लिहिणाऱ्याचे नाव कुणालाच सांगता येईना. कॅसेटचे कव्हर पाहिले. गायकाचा मोठा फोटो, कंपनीचे ठळक नाव, गीतकाराच्या जागी कागद फाटलेला. काका म्हणाले, "थांबा, गाणं संपू द्या." आम्ही थांबलो. शेवटचे कडवे आले आणि त्यात 'वामन' हे नाव आले. विहारात एकदम टाळी पडली.

वाचकहो, वामनदादा कर्डक १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्मले. शाळा त्यांना मिळाली नाही, अक्षरे मोठेपणी शिकले आणि आयुष्यभर गावोगाव हिंडून गायले. शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफायची त्यांची रीत होती. ही रीत जुनी आहे. संत चोखोबांच्या अभंगाच्या शेवटीही चोखोबांचे नाव येते. ज्याच्या नावाची नोंद कुणी वहीत करणार नव्हते, त्याने ती गाण्यातच करून ठेवली. कव्हर फाटले तरी नाव राहिले. पण डीजेवर ध्रुपद आणि एक कडवे वाजले की पहिल्यांदा गळते ते हेच कडवे.

त्यानंतरची कॅसेट वेगळी होती. गाणे सुरेख. आजी तर पूर्ण पाठ म्हणाल्या. पण शेवटच्या कडव्यात नाव नाही, कव्हरही नाही. लिहिणारा कोण, ते आम्हा तीस-पस्तीस माणसांत एकालाही सांगता आले नाही. मग कुणी काही बोलले नाही.

यात आमचाही दोष आहे. नव्वदच्या दशकात जयंती मंडळाच्या माईकवर आम्ही असायचो. "आता ऐकू या अमक्यांच्या आवाजात..." असे शेकडो वेळा म्हटले असेल. गीतकाराचे नाव एकदाही घेतल्याचे आठवत नाही.

आमची नोकरी कारकुनाची, म्हणून हिशेबाचेही बोलतो. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गीतकाराच्या शब्दांवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली गेले. म्हणजे वामनदादांच्या शब्दांची मुदत २०६४ च्या अखेरीपर्यंत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराचा मानधनातला वाटा कुणाला लिहून घेता येणार नाही, असेही ठरले. पण कागदावर नावच नसेल तर वाटा कुणाच्या घरी पोहोचवणार? मोबाईलवर आज हीच गाणी लाखो वेळा ऐकली जातात. तिथेही पुष्कळदा गायकाचे नाव असते आणि गीतकाराची जागा रिकामी असते.

म्हणून विनंती आहे. घरातल्या कॅसेटी भंगारात देऊ नका. आरेसारख्या ओलसर जागी फितीवर बुरशी धरते. पांढरी पूड दिसली तर ती कॅसेट तशीच लावू नका, फीतही खराब होते आणि मशीनचे हेडही. फीत सैल असेल तर पेन्सिल घालून हळू गुंडाळा. हेड स्पिरिटने पुसा. चांगल्या टेपवरून एकदा वाजवून संगणकात उतरवून घ्या आणि पूर्ण गाणे उतरवा, शेवटच्या कडव्यासकट. कव्हरच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. आणि घरातल्या आजीला, काकांना विचारा, हे कुणी लिहिले? त्यांच्याबरोबर हे उत्तरही जाणार आहे.

आमच्या विहारात आता एक दोनशे पानी वही ठेवली आहे. गाण्याचे नाव, गायक, गीतकार, आणि हे कुणी सांगितले, असे चार रकाने आखले आहेत. हस्ताक्षर त्या बी.ए.च्या मुलीचे आहे. पहिल्या पानावर अकरा गाणी आहेत आणि त्यांतल्या चारांच्या पुढे गीतकाराचा रकाना कोरा आहे. डीजेवाल्या मुलाने यंदाच्या जयंतीला निदान एक गाणे पूर्ण वाजवायचे कबूल केले आहे. तेवढी सात मिनिटे उभे राहायचे मात्र आपल्याकडे आहे.

जय भीम!