ती फाईल तिच्या हातात द्या

कॅन्सरमधून वाचलेल्या मुलीचे पुढे काय होते? खानदेशात उत्तर ठरलेले : तिचे लग्न होते. त्याआधी मुंबईची फाईल पेटीच्या तळाशी जाते, नाहीतर चुलीत. मुलीला सांगतात, ‘लहानपणी तुला ताप आला होता.’

जळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. अशा मुलखात लेकीसाठी परळला टाटा हॉस्पिटलच्या दारात महिनोन्महिने काढणाऱ्या आईबापांना दोष देऊन भागणार नाही. सोयरीक मोडेल ही त्यांची भीती खरीच आहे. मुलग्याचे दुखणे झाले-गेले होते, मुलीचे मात्र खोट ठरते.

पण फाईल जाळली म्हणून औषधांचे परिणाम जळत नाहीत. डॉक्सोरुबिसिन या लाल इंजेक्शनाने हृदयाचा स्नायू कमकुवत होऊ शकतो, आणि ते पंधरा-वीस वर्षांनीही उघड होते. गरोदरपणात हृदयावर ताण येतो, दम लागतो, पाय सुजतात. घरचे म्हणतात, पहिलटकरीण आहे, होते असे! डॉक्टरांना तरी कुठे ठाऊक असते? सायक्लोफॉस्फमाइडचे मोठे डोस किंवा ओटीपोटावर शेक दिला असेल, तर पाळी अकाली जाऊ शकते. मग ‘वांझ’ म्हणून माहेरची वाट. छातीवर शेक घेतलेल्या मुलीची स्तनांची तपासणी पंचविशीपासून व्हायला हवी. सरकारी तपासणी मोहीम तिशीला सुरू होते.

उपचार संपलेल्या मुलांसाठी टाटामध्ये १९९१ पासून वेगळे क्लिनिक आहे. पण सुनेला परळला पाठवणार कोण, आणि कारण काय सांगून? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी हात झटकतो. धुळ्यात सरकारी मेडिकल कॉलेज आहे, जळगावात २०१८ पासून आहे. तिथे ठराविक काळाने हृदयाचा इको, थायरॉईडची तपासणी करायला काय आकाश फाडायचे आहे?

‘सासरी सांगावे का?’ असे कार्यकर्त्याही विचारतात. मैत्रिणींनो, कुणाला किती सांगायचे हे तिने ठरवावे. पण ठरवायला आधी तिला ठाऊक तर हवे! कोणती औषधे, किती डोस, शेक कुठे दिला, हा कागद तिच्या नावाने तिच्याजवळ राहिला पाहिजे. आणि गरोदरपणाच्या नोंदणीत ‘लहानपणी कॅन्सरचे उपचार झाले होते का?’ हा प्रश्न आलाच पाहिजे. तो विचारताना सासूला तेवढे बाहेर बसवावे.