कोड्यात पडलेला मास्तर

मी कॉम्प्युटरवर खेळ खेळतो, असं सत्तरी ओलांडलेल्या माणसाने सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "पत्ते का?" पत्ते नव्हेत. मारामारीही नव्हे, तेवढी बोटं आता चालत नाहीत. मला कोड्यांचे खेळ आवडतात. २०२३ ते २०२५ या काळात आलेल्या अशा तीन खेळांबद्दल थोडं लिहावंसं वाटलं, कारण तिन्हींचं नातं शेवटी भाषेशी आहे, आणि मी जन्मभर भाषाच शिकवली.

पहिला 'चँट्स ऑफ सेनार'. फ्रान्समधल्या एका छोट्या कंपनीने तो २०२३ मध्ये आणला. एक उंच मनोरा, त्यात पाच निरनिराळे समाज, प्रत्येकाची लिपी वेगळी. आपल्याला त्यातलं काहीच येत नाही. दारावरची पाटी, माणसांचे हावभाव, भिंतीवरची चित्रं बघत अर्थाचा अंदाज बांधायचा. पहिल्या भाषेत अनेकवचन कसं होतं? तर चिन्ह दोनदा काढून! हे कळलं तेव्हा मी खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली. यातली सर्वांत चांगली गोष्ट अशी, की आपला अंदाज चुकला तरी कोणी रागावत नाही. पानावरची सगळी चिन्हं बरोबर जुळली की मगच ती पक्की होतात, तोवर खुशाल चुकत राहा. मी वर्गात आधी नियम सांगायचो, मग उदाहरण द्यायचो आणि चुकलं की लाल रेघ मारायचो. त्या लाल रेघांनी किती मुलांचं तोंड बंद केलं असेल, हा विचार या खेळाने माझ्या डोक्यात सोडला. तक्रार एकच. मधेमधे पहारेकऱ्यांपासून लपतछपत जावं लागतं, ते मला कंटाळवाणं वाटलं.

दुसरा 'वेंबा'. तोही २०२३ चाच, टोरांटोतल्या कंपनीचा. कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ जोडप्याची आणि त्यांच्या मुलाची गोष्ट. आईकडे तिच्या आईची पाककृतींची वही आहे, पण ती फाटलेली, पुसट झालेली. मधले गाळलेले टप्पे आपण ओळखायचे. इडलीच्या ताटल्या अशा रचायच्या, की वरच्या ताटलीची भोकं खालच्या इडल्यांवर येतील. घरोघरच्या बायकांना हे कोणी न सांगता येतं. मुलगा मात्र तमिळपासून दूर जात राहतो. खेळ फार लहान आहे, दीड-दोन तासांत संपतो. पण तमिळ घर जसंच्या तसं मांडूनही त्याला जगभर खेळाडू मिळाले आणि २०२४ मध्ये पदार्पणासाठीचा बाफ्टा पुरस्कारही मिळाला.

तिसरा 'ब्लू प्रिन्स', एप्रिल २०२५ चा. पंचेचाळीस खोल्यांचा वाडा आणि आपण शोधायची सेहेचाळिसावी खोली. दार उघडताना तीन खोल्यांचे पर्याय समोर येतात, त्यातली एक निवडायची. पावलं मोजकी. ती संपली की दिवस संपला, आणि उद्या वाडा पुन्हा कोरा. कल्पनेला तोड नाही. मी शंभर पानी वही घालून टिपणं काढली.

आणि इथेच अडलो. कारण खेळाच्या नावापासूनच इंग्रजी शब्दांचे श्लेष सुरू होतात. एक कोडं तर स्पेलिंगमधल्या एका अक्षराच्या फरकावर उभं आहे. माझं शिक्षण बी.ए.पर्यंत मराठी माध्यमातून झालं. इंग्रजी वाचून अर्थ कळतो, पण त्या भाषेतला खट्याळपणा चटकन कळत नाही. चार दिवस डोकं खाजवल्यावर नातीने मागून बघितलं आणि दहा सेकंदांत म्हणाली, "आजोबा, दोन्ही शब्दांचं स्पेलिंग बघा ना." कौतुक वाटलं आणि थोडं लागलंही. जन्मभर दुसऱ्यांना श्लेष शिकवलेला माणूस मी!

खेळाचा यात दोष नाही. आपल्या भाषेवर इतकं प्रेम करणाऱ्याने दुसऱ्यासाठी ती का सोडावी? माझं म्हणणं आपल्या लोकांशी आहे. कौशल्य आपल्याकडे नाही असं नाही. 'राजी' हा खेळ २०२० मध्ये पुण्यातल्याच मंडळींनी केला. मग मराठीत कोड्यांची कमतरता आहे का? उखाणे आहेत, कूटप्रश्न आहेत, एका वेलांटीने अर्थ फिरवणारे शब्द आहेत. 'दिन' आणि 'दीन' यांत फरक ऱ्हस्व-दीर्घाचाच ना? शाळेत त्यासाठी मी गुण कापले. त्याच वेलांटीने एखादं दार उघडलं असतं, तर मुलं ती कधी विसरली नसती.

ओटी, पडवी, माजघर, देवघर, परसदार, धान्याचं बळद... असा एक वाडा कोणीतरी बांधावा. त्यात नात अडेल आणि मागे वळून मला विचारेल. मी लगेच उत्तर सांगणार नाही. तिला दोन-चारदा चुकू देईन. एवढं तरी आता शिकलो आहे.