तळाची साक्ष घ्या

पुण्यात मुठेचे पाणी बाटलीत भरून तपासले, तर ते त्या घटकेपुरतेच बोलते. रात्री सोडलेले सांडपाणी सकाळी पुढे वाहून गेलेले असते. तळाच्या चिखलातील जीवांना मात्र पळता येत नाही. त्यांची साक्ष आठवड्यांची, महिन्यांची असते. मेफ्लायच्या अळ्या नाहीशा होऊन केवळ ट्युबिफेक्सचे लाल जंत माजले, की प्राणवायू सरत आला असे समजावे.  जर्मनीत कोल्कविट्झ व मार्सन यांनी १९०८-०९ मध्येच ही परीक्षा मांडली. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचेही जैविक निकष आहेत. तेव्हा काठ नटविण्याआधी तळ तपासावा आणि त्याचा अहवाल दरवर्षी नागरिकांपुढे ठेवावा, अशी आमची मागणी आहे. काठ सजला आणि तळ मेला, तर त्या प्रवाहास नदी कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?